काकवीची घरगुती साठवण

काकवी म्हणजे उसाचा रस आटवताना गूळ होण्याआधीच काहिलीतून काढून घेतलेला दाट, तपकिरी पाक. कोल्हापूर, सांगली, सातारा या भागांत दिवाळीच्या आसपास गुऱ्हाळे पेटली की काकवी निघू लागते. भाकरी, पोळी, घावन, आंबोळीबरोबर खाण्यासाठी ती वर्षभराच्या बेगमीने भरून ठेवतात. साखर कारखान्यातली मळी वेगळी. ती साखर काढून घेतल्यावर उरते. काकवीत उसाची साखर तशीच राहिलेली असते.

घरातली काकवी किती टिकेल, हे बरेचसे गुऱ्हाळावरच ठरून गेलेले असते. गुळासाठी रस साधारण ११६ ते ११८ अंश सेल्सिअसपर्यंत चढवतात, काकवी १०३ ते १०६ अंशांवरच उतरवतात. त्यामुळे तिच्यात ढोबळमानाने तिसरा हिस्सा पाणी राहते. मधात पाण्याचे प्रमाण सहसा २० टक्क्यांच्या आत असते, म्हणून नीट झाकलेला मध वर्षानुवर्षे राहतो आणि काकवी मात्र आंबू शकते. इतक्या साखरेत बहुतेक जंतूंना वाढण्यापुरते पाणी मिळत नाही, पण काही जातींचे यीस्ट त्यातही तग धरतात. बाटलीतून सहज ओतता येते म्हणून पातळ काकवी गिऱ्हाइकाला आवडते. टिकाऊपणाच्या दृष्टीने ती कच्चीच समजावी. बाटलीवरची तारीख वाचण्याआधी बाटली तिरकी करून धार पाहिलेली बरी.

पावसाळा हा काकवीचा खरा वैरी. दमट हवेतले पाणी ती ओढून घेते, आणि बरणी सारखी उघडली तर वरचा थर पातळ होत जातो. आंबणे तिथूनच सुरू होते; तळाची काकवी तेव्हा चांगलीही असते. गरम काकवी भरून लगेच झाकण लावले तर वाफेचे थेंब झाकणावरून पुन्हा तिच्यावरच पडतात आणि परिणाम तोच होतो. म्हणून ती स्वच्छ फडके बांधून निवू द्यावी, मग काचेच्या किंवा चिनी मातीच्या कोरड्याठाक बरणीत भरावी. लोखंडी आणि कल्हई नसलेली पितळी भांडी टाळावीत, कारण काकवी किंचित आंबट असते. मोठ्या बरणीतून रोज काढण्यापेक्षा आठवड्यापुरती लहान बाटलीत काढून घेतलेली सोयीची. चमचा कोरडाच हवा. मुंग्यांसाठी बरणी पाण्याच्या ताटलीत ठेवण्याची जुनी युक्ती आजही चालते, मात्र ओल झाकणापर्यंत जाता कामा नये.

तळाशी खडे धरले म्हणजे काकवी बिघडली असे नाही. ती साखरच असते. बरणी गरम पाण्यात ठेवली की बरीचशी विरघळते. हे टाळण्यासाठी काही गुऱ्हाळांवर किलोमागे सुमारे ४०० मिलिग्रॅम सायट्रिक आम्ल घालतात. त्याने उसाच्या साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये मोडतो आणि स्फटिक सहज जमत नाहीत. बाजारासाठीच्या काकवीत कधी पोटॅशियम मेटाबायसल्फाइटसारखे परिरक्षकही असते. फ्रीजमध्ये आंबणे मंदावते, पण काकवी इतकी घट्ट होते की ओतायची पंचाईत, आणि खडेही लवकर धरतात.

दाट, कोरडी हाताळलेली काकवी पुढच्या हंगामापर्यंत सहसा पुरते. पातळ काकवी काही आठवड्यांतही फेसाळू शकते. बुडबुडे, दारूसारखा आंबूस वास, फुगलेले झाकण ही आंबल्याची लक्षणे. अशी बाटली तोंडाजवळ धरून उघडू नये, आत वायूचा दाब असतो. नुसती पातळ वाटणारी, अजून न आंबलेली काकवी जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर आटवून पुन्हा भरता येते. आंबलेली मात्र उकळून यीस्ट मेले तरी चव परत येत नाही, आणि बुरशी धरलेली तर वरचा थर काढूनही खाऊ नये.