किलिमांजारोला जायचंय? गावातून निघण्याआधी कागदपत्रं, परवाना आणि वाटेची निवड

चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच मुलं 2018 मध्ये एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचली. त्यानंतर उंच डोंगराची स्वप्नं आपल्याकडे खेड्यातही पडू लागली. टांझानियातला 5,895 मीटरचा किलिमांजारो अशा स्वप्नासाठी चांगली सुरुवात आहे. नेहमीच्या वाटांवर दोर लागत नाही की गिर्यारोहणाचा कोर्स. वय किमान 10 वर्षं हवं आणि हृदय-फुप्फुसं डॉक्टरांकडून तपासलेली हवीत.

सुरुवात पासपोर्टपासून करा, कारण आपल्याकडे गाडी अडते ती इथेच. टीसीवर एक नाव, आधारवर दुसरं, वडिलांच्या नावाचं स्पेलिंग तिसरंच. अर्ज भरण्याआधी हे जुळवून घ्या. ऑनलाइन अर्ज करून जवळच्या पोस्ट ऑफिसातल्या पासपोर्ट सेवा केंद्राची तारीख घ्यायची. प्रौढांच्या 36 पानी पासपोर्टची साधी फी 1,500 रुपये आहे. दहावीची गुणपत्रिका सोबत ठेवा. पोलीस पडताळणीच्या दिवसांत गावातच थांबा. कापूस वेचणीला किंवा कामाला बाहेरगावी गेलात आणि घराला कुलूप दिसलं, तर अर्ज लटकतो.

टांझानियाचा व्हिसा ऑनलाइन मिळतो. साध्या पर्यटक व्हिसाचे 50 डॉलर. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. फोटो आणि परतीचं तिकीट लागतं. डॉलर घेताना पॅन कार्ड मागतात. विमान अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे असेल तर पीतज्वराची लस आधीच घ्या, कारण इथिओपिया आणि केनिया त्या आजाराच्या यादीत आहेत. लस सरकारने ठरवलेल्या केंद्रातच मिळते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं, त्यामुळे आदल्या आठवड्यात धावून उपयोग नाही. विमा घेताना 6,000 मीटरपर्यंतच्या चढाईचा आणि बचावाचा खर्च त्यात आहे, हे लेखी घ्या.

डोंगराचा परवाना मात्र आपण थेट काढत नाही. एकट्याने चढायला मनाई आहे. परवानाधारक कंपनी तुमचं नाव आणि पासपोर्ट नंबर देऊन किलिमांजारो राष्ट्रीय उद्यानाची फी भरते, गेटवर तुम्ही नोंदवहीत सही करता. म्हणून पैसे पाठवण्याआधी कंपनीचा टांझानियातला टाला परवाना, म्हणजे पर्यटन धंद्याचा सरकारी परवाना, मागून पाहा, आणि हमालांच्या पाठीवर 20 किलोपेक्षा जास्त ओझं टाकत नाहीत ना, हेही विचारा. ती माणसं आपल्यासारखीच कष्टकरी आहेत.

आता वाट. इथे घाई करू नका. उद्यानाची फी दिवसागणिक असते, त्यामुळे पाच दिवसांची सहल स्वस्त पडते आणि खेड्यातून पै-पै जमवून निघालेला माणूस तिकडेच ओढला जातो. माझं कळकळीचं सांगणं आहे, दिवस कापू नका. आपल्या चिखलदऱ्याची उंची साधारण 1,100 मीटर, इथले फेफडे तेवढीच हवा ओळखतात. रक्ताला विरळ हवेची सवय व्हायला दिवसच लागतात, दुसरा उपाय नाही.

मरांगू वाटेवर झोपायला लाकडी घरं आहेत, चढण सौम्य आहे; पण त्याच वाटेने उतरायचं असतं आणि पाच दिवसांत ती फार घाईची होते. घेतलीच तर होरोंबो या वाटेतल्या मुक्कामी एक दिवस जास्त थांबा. माचामे वाटेवर तंबूत राहावं लागतं. ती 4,600 मीटरच्या लाव्हा टॉवरपर्यंत चढवून पुन्हा खाली बारांकोला झोपवते. ‘चढा उंच, झोपा खाली’ ही सवय लावणारी ही वाट सात दिवसांत करा. आठ दिवस परवडत असतील तर पश्चिमेकडून येणारी लेमोशो मला सर्वांत बरी वाटते. उत्तरेची रोंगाई कोरडी आहे, पावसाळी महिन्यांत तीच बघा. उंब्वे फार खडी आहे, पहिल्यांदा जाणाऱ्यांनी सोडून द्यावी.

जून ते ऑक्टोबर आणि जानेवारी ते मार्चची सुरुवात हा कोरडा काळ. मार्च अखेर ते मे मोठा पाऊस.

डोकं दुखून उलट्या सुरू झाल्या तर मार्गदर्शकापासून लपवू नका, वर चढू नका. खाली उतरणं हाच उपचार. आणि हो, टांझानियात 2019 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, म्हणून सामान बांधताना कापडी पिशव्या घ्या.