क्वेकर आणि फाशीची शिक्षा : पार्श्वभूमी

‘सोसायटी ऑफ फ्रेंड्स’, म्हणजेच क्वेकर हा ख्रिस्ती पंथ, दोन नकारांसाठी ओळखला जातो : शस्त्राला आणि फाशीला. दोन्ही नकार एकदमच ठरले, हा समज मात्र चुकीचा आहे. युद्धविरोधाचं निवेदन या मंडळींनी जानेवारी १६६१ मध्येच इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला लेखी दिलं होतं. फाशीला सरसकट विरोध ही पंथाची भूमिका व्हायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. मधल्या काळात क्वेकरांनी फाशी सोसली, स्वतःच्या कायद्यात ती ठेवली आणि एकदा तर तिची व्याप्ती वाढवण्यालाही मान्यता दिली.

सुरुवात इंग्लंडमधल्या डर्बीच्या तुरुंगात झाली. पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्स ईश्वरनिंदेच्या आरोपाखाली १६५१ मध्ये तिथे कैदेत होता. गुरं, पैसा किंवा किरकोळ वस्तूंसाठी माणसाला मारू नका, असं त्याने तिथून न्यायाधीशांना लिहिलं. आधार बायबलचाच होता : जुन्या करारातल्या नियमशास्त्रात चोरीला भरपाई सांगितली आहे, देहदंड नाही. मालकाकडे चोरी केलेल्या एका तरुणीसाठीही त्याने न्यायाधीश आणि ज्यूरीला पत्र लिहिलं. तिला वधस्तंभापर्यंत नेऊन परत आणण्यात आलं. ही हरकत शिक्षेच्या प्रमाणाबद्दल होती. खुन्यालाही मारू नये, असं फॉक्स इथे म्हणत नाही.

पुढच्या दशकात दोर क्वेकरांच्याच गळ्याशी आला. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स या इंग्रज वसाहतीच्या प्युरिटन (कडव्या प्रोटेस्टंट) राज्यकर्त्यांनी त्यांच्याविरुद्धचा कायदा पायरीपायरीने कडक केला. १६५६ मध्ये क्वेकरांना जहाजातून आणणाऱ्या कप्तानाला १०० पौंड दंड ठेवला. १६५७ मध्ये हद्दपारीनंतर परतलेल्या पुरुषाचा पहिल्यांदा एक कान, दुसऱ्यांदा दुसरा कान कापायचा आणि तिसऱ्यांदा तापलेल्या सळईने जीभ भोसकायची, असं ठरलं. तरीही माणसं येतच राहिली, तेव्हा १६५८ मध्ये हद्दपारी मोडणाऱ्याला मृत्युदंड जाहीर झाला. २७ ऑक्टोबर १६५९ रोजी बॉस्टनमध्ये विल्यम रॉबिन्सन आणि मार्माड्यूक स्टीव्हन्सन यांना फाशी दिलं. त्यांचं बोलणं गर्दीच्या कानी पडू नये म्हणून वाटेत ढोल वाजत होते. तिसरी होती मेरी डायर. तिच्या गळ्यात दोर अडकवला गेला आणि मगच तिला जीवदान दिल्याचं सांगितलं. हा देखावा आधीच ठरलेला होता. पुढच्या वर्षी ती परत आली आणि १ जून १६६० ला फासावर गेली. मार्च १६६१ मध्ये विल्यम लेड्रा गेला. मग लंडनमध्ये एडवर्ड बरो या क्वेकराने राजाची गाठ घेतली. क्वेकर कैद्यांना शिक्षा न करता इंग्लंडला पाठवा, असा हुकूम निघाला आणि तो बॉस्टनला पोचवायचं काम सॅम्युअल शॅटक या हद्दपार क्वेकरावरच सोपवलं गेलं. गव्हर्नर एन्डिकॉटला तो त्याच्याच हातून घ्यावा लागला.

क्वेकरांच्या हाती सत्ता आली ती पेनसिल्व्हेनियात. विल्यम पेन या क्वेकराच्या या अमेरिकन वसाहतीने डिसेंबर १६८२ मध्ये जी संहिता मंजूर केली, तिच्यात फाशी फक्त ठरवून केलेल्या खुनाला होती. चोरीला भरपाई आणि सक्तमजुरी. त्या काळाच्या मानाने हे धाडसच होतं.

१७१८ मध्ये या धाडसावर पाणी पडलं आणि ते शपथेपायी. क्वेकर शपथ घेत नाहीत. खरं बोलणं रोजचंच असेल तर कोर्टात त्यासाठी वेगळी शपथ कशाला, हा त्यांचा युक्तिवाद. इंग्लंडमध्ये १६९६ पासून त्यांना शपथेऐवजी दृढकथनाची मुभा होती, पण फौजदारी खटल्यांत नाही. (आपल्या विधानसभेत ‘ईश्वरसाक्ष शपथ’ नको असणारे आमदार ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन’ करतात, त्या तरतुदीचं कूळ इथवर पोचतं.) हाच नियम पेनसिल्व्हेनियाला लावला गेला, तेव्हा पेच पडला : जिथे न्यायाधीश, ज्यूरी आणि साक्षीदार बहुतेक क्वेकरच, तिथे खुनाचा खटलाही उभा राहीना. आरोपी सुटू लागले, शासनच अडलं. शेवटी सौदा झाला. क्वेकरांचं बहुमत असलेल्या सभागृहाने दरोडा, घरफोडी, जाळपोळ यांच्यासह डझनभर गुन्ह्यांना इंग्लंडच्या धर्तीवर फाशी मान्य केली आणि बदल्यात फौजदारी कोर्टातही दृढकथन चालेल, ही हमी मिळवली. स्वतःची सदसद्विवेकबुद्धी राखण्यासाठी दुसऱ्यांचे गळे पणाला लावले, असं म्हटलं तर ते कडवट वाटेल, पण खोटं नाही. ही चूक निस्तरायला अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धानंतरचा काळ यावा लागला. १७८६ मध्ये दरोडा आणि घरफोडी यांची फाशी गेली. १७९४ मध्ये खुनाच्या श्रेणी पाडून फाशी फक्त पहिल्या श्रेणीच्या खुनापुरती उरली. फाशीला पर्याय म्हणून फिलाडेल्फियाच्या सुधारकांनी, त्यांत क्वेकर बरेच, एकांत कोठडीचा तुरुंग पुढे आणला. माणूस एकांतात पश्चात्ताप करील ही अपेक्षा होती. प्रत्यक्षात कैदी वेडे होऊ लागले.

इंग्लंडमध्ये जॉन बेलर्स या क्वेकराने १६९९ मध्येच फाशी बंद करा, असं छापून मांडलं होतं. फार कुणी मनावर घेतलं नाही. शतकभरात फाशीच्या गुन्ह्यांची यादी दोनशेवर गेली. राहत्या घरातून ४० शिलिंगांचा माल चोरला की फाशी, म्हणून दयाळू ज्यूरी मालाची किंमत मुद्दाम ३९ शिलिंग ठरवत. शिक्षा जितकी भयंकर, तितकी ती होण्याची शक्यता कमी, हे कोर्टात रोज दिसत होतं. विल्यम ॲलन या क्वेकर औषधविक्रेत्याने १८०८-०९ च्या सुमारास फाशीविषयीची माहिती पसरवणारी संस्था काढली. एलिझाबेथ फ्राय ही क्वेकर बाई लंडनच्या न्यूगेट तुरुंगात १८१३ मध्ये गेली ती उघड्यावाघड्या बायका-मुलांना कपडे द्यायला. फाशीचा प्रश्न तिला तिथल्या कोठड्यांत भेटला. खोट्या नोटांपायी फाशी ठरलेल्या हॅरिएट स्केल्टनसाठी १८१८ मध्ये तिने गृहमंत्री सिडमथ यांच्याशी वाकडं घेतलं. स्केल्टन वाचली नाही.

निर्णायक घाव पेढीवाल्यांनी घातला. डिसेंबर १८२८ मध्ये जोसेफ हंटन हा कापडाचा व्यापारी खोट्या हुंडीसाठी न्यूगेटसमोर फासावर गेला. तो क्वेकर होता. क्वेकरांचे बँकिंगमध्ये जागोजागी लागेबांधे होते. त्यांतूनच १८३० मध्ये दोनशेहून जास्त शहरांतल्या बँकरांच्या सह्यांचा अर्ज पार्लमेंटपुढे आला. त्याचा आशय रोखठोक होता : फाशीच्या भीतीने लोक तक्रार करत नाहीत, ज्यूरी दोषी ठरवत नाही, आणि आमचीच मालमत्ता असुरक्षित राहते. ज्यांच्या रक्षणासाठी हा कायदा आहे असं सांगितलं जात होतं, त्यांनीच तो नको म्हटलं. १८२९ च्या अखेरीनंतर इंग्लंडमध्ये खोट्या दस्तऐवजासाठी कुणालाही फाशी झाली नाही. कायद्यातून ती शिक्षा १८३७ पर्यंत पुरती गेली.

उरला खून. १८६४ च्या शाही आयोगावर क्वेकर खासदार जॉन ब्राइट होता. त्या आयोगानंतर १८६८ मध्ये चव्हाट्यावरची फाशी तेवढी थांबली. खरी बांधणी रॉय कॅल्व्हर्टने केली. या तरुण क्वेकराने सरकारी नोकरी सोडली आणि १९२५ मध्ये फाशीविरोधी राष्ट्रीय परिषदेचं चिटणीसपद घेतलं. धर्मवचनं बाजूला ठेवून त्याने फाशी रद्द केलेल्या देशांचे खुनांचे आकडे मांडले. १९३० मध्ये संसदीय समितीने पाच वर्षं प्रयोग म्हणून फाशी थांबवावी, अशी शिफारस केली. हुजूर पक्षाचे सदस्य त्याआधीच समितीतून बाहेर पडले होते. अहवाल धूळ खात पडला. कॅल्व्हर्ट १९३३ मध्ये, पस्तिशीतच वारला. खुनासाठीची फाशी थांबवणारा १९६५ चा कायदा आला तो मात्र त्याच पाच वर्षांच्या साच्यात. १९६९ च्या डिसेंबरात पार्लमेंटने तो कायम केला.

सगळे क्वेकर मात्र एका माळेचे मणी नाहीत. क्वेकर सभेत मतदान होत नाही; चिटणीस सभेचा कल ओळखून तिथेच ठराव लिहितो आणि सर्वांना पटेपर्यंत तो दुरुस्त होतो. त्यामुळे भूमिका ठरायला वेळ लागतो आणि प्रत्येक वार्षिक सभा (क्वेकरांची प्रादेशिक संघटना) आपापल्या पुरतीच बोलते. अमेरिकेतल्या काही इव्हँजेलिकल शाखा या प्रश्नावर मवाळ आहेत. क्वेकर घरात वाढलेल्या निक्सन यांनी तर राष्ट्राध्यक्ष असताना, सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये रोखलेली फाशी परत आणण्याची मागणी केली. पेनच्या पेनसिल्व्हेनियात शेवटचा मृत्युदंड १९९९ मध्ये अमलात आला, विषारी इंजेक्शनने. २०१५ पासून तिथे गव्हर्नरांनी अंमलबजावणी रोखून धरली आहे. कायदा अजून पुस्तकात आहे.