नऊ व्होल्टचा मध्य

घरी बांधायच्या हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरचा विषय निघाला की 'सीमॉय' हे नाव येतंच. चू मॉय यांनी १९९०च्या दशकाच्या शेवटी हा आराखडा सगळ्यांसाठी खुला केला, म्हणून हे नाव. एक आयसी (संकेत वाढवणारी चिप), मूठभर रेझिस्टर, चार-सहा कपॅसिटर, एक व्हॉल्यूमचा पॉट (नॉबने फिरवायचा रेझिस्टर) आणि ९ व्होल्टची एक चौकोनी बॅटरी एवढाच त्याचा पसारा. पेपरमिंटच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत सगळं मावतं, आणि जगभरच्या हौशी लोकांनी ते खरोखरच अशा डब्यांत बसवलं आहे. मी लॅमिंग्टन रोडवरून भाग आणले आणि दोन रविवार बसून सोल्डर केले. आयसीसाठी टीएल०७२ घेतला. तो स्वस्त आहे आणि कुठेही मिळतो.

माझा हेडफोन ३०० ओहमचा. हळू आवाजात सगळं सुरेख वाजत होतं. नॉब पुढे नेला की मात्र तबल्यातल्या डग्ग्याचा घुमार फाटायचा. आयसी खराब असणार, असं मला वाटलं. अशा वेळी बहुतेकांचा पहिला संशय आयसीवरच जातो, कारण मंडळातला (सर्किटमधला) तोच एक भाग आपल्याला आतून दिसत नाही. मी दुसरा टीएल०७२ लावला, तरी फरक पडला नाही. मग मल्टिमीटर काढला. काळी पिन बॅटरीच्या ऋण टोकाला लावली आणि लाल पिन मंडळाच्या मधल्या बिंदूवर टेकवली. तिथे ४.५ व्होल्ट दिसायला हवे होते. मीटर ६.२ दाखवत होता.

हा मधला बिंदू काय असतो, ते आधी पाहू. आवाजाचा विद्युत संकेत शून्याच्या वर आणि खाली असा दोन्हीकडे झुलतो. हेडफोनचा पडदा पुढेही जातो आणि मागेही येतो. म्हणून अ‍ॅम्प्लिफायरला शून्याच्या दोन्ही बाजूंना व्होल्टेज लागतं, आणि बॅटरी तर एकच. तेव्हा ४.७ किलोओहमचे दोन सारखे रेझिस्टर एकापुढे एक जोडून बॅटरीच्या दोन टोकांमध्ये बसवायचे आणि ते जिथे जुळतात त्या जागेला 'शून्य' मानायचं. तिथून वर साडेचार व्होल्ट, खाली साडेचार व्होल्ट. संकेत या जागेभोवती झुलतो. माजघरातला झोपाळा दोन भिंतींच्या बरोबर मध्ये टांगलेला असतो, तसंच हे. झोपाळा एका भिंतीकडे सरकवून टांगला तर छोट्या झोक्याला काही होणार नाही, पण झोका मोठा झाला की एका बाजूला आपटणार. माझा डग्गा असा आपटत होता.

चूक माझीच होती. अ‍ॅम्प्लिफायर चालू आहे हे कळावं म्हणून मी एक लाल एलईडी लावला होता, १ किलोओहमच्या रेझिस्टरसह. तो बॅटरीच्या दोन टोकांमध्ये न लावता धन टोक आणि मधला बिंदू यांच्यामध्ये लावला होता. तारा तिथे जवळ पडत होत्या, एवढंच कारण. पण त्या दोन ४.७ किलोओहमच्या रेझिस्टरांमधून जेमतेम १ मिलिअँपिअर वाहतो. एलईडीने त्याच वाटेवर आपला प्रवाह ढकलला आणि मधला बिंदू वर उचलला गेला. वरच्या बाजूला उरले पावणेतीन व्होल्ट. त्यातही टीएल०७२ चं आउटपुट टोकापर्यंत पोचत नाही, सुमारे दीड-दोन व्होल्ट आधीच थांबतं. म्हणजे झोक्याला जागा उरली कशीबशी एक व्होल्ट.

आता ३०० ओहमच्या हेडफोनला किती लागतं ते बघा. १ मिलिवॉटला १०० डेसिबल देणारा हेडफोन धरला, तर संगीतातल्या क्षणिक ११० डेसिबलच्या उसळीसाठी १० मिलिवॉट हवेत. ३०० ओहममध्ये त्यासाठी सुमारे १.७ व्होल्ट लागतात, आणि लाटेचं शिखर जातं २.४ व्होल्टच्या वर. ३२ ओहमच्या हेडफोनला तेवढ्याच शक्तीसाठी ०.५७ व्होल्ट पुरतात, पण प्रवाह तिपटीने लागतो: ६ ऐवजी १८ मिलिअँपिअर. एकाला व्होल्टेजची भूक, दुसऱ्याला प्रवाहाची. अ‍ॅम्प्लिफायर सुधारायला घेण्याआधी आपला हेडफोन यांतला कोणता, हे माहीत नसेल तर पैसे भलतीकडे जातात. (११० डेसिबल हा आकडा क्षणभराच्या उसळीचा आहे. सलग ऐकण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांना घालून दिलेली मर्यादा आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल अशी आहे.)

एलईडी दोन टोकांमध्ये हलवला, मीटर ४.५ वर आला, डग्गा घुमू लागला. खर्च शून्य.

मग मी सुधारणेच्या मागे लागलो. एनई५५३२ ही आयसी १९७०च्या दशकाच्या शेवटी आली आणि स्टुडिओतल्या मिक्सरांपासून सीडी प्लेअरपर्यंत सगळीकडे बसली. टीएल०७२ पेक्षा तिची स्वतःची खरखर कमी, आणि प्रवाह जास्त देते. पाय दोन्हींचे सारखेच, त्यामुळे सॉकेटमधून एक काढून दुसरी बसवायला अर्धा मिनिट पुरतो. बसवली, आणि आवाज पूर्वीच्या सगळ्या चुकांपेक्षा वाईट झाला. हेडफोन लावताना 'टक्' असा आवाज, आणि मग नुसतं घुसमटलेलं संगीत. हेडफोन काढून आउटपुटवर मीटर लावला तर मधल्या बिंदूपेक्षा सुमारे ०.२ व्होल्ट खाली. हेडफोन लावला की मधला बिंदूच घसरून दोन व्होल्टच्या खाली जात होता.

इथे आयसीच्या आत डोकावायला हवं. टीएल०७२ च्या दारात फेट जातीचे ट्रान्झिस्टर आहेत, ते इनपुटमधून जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाहीत. ५५३२ च्या दारात साधे बायपोलर ट्रान्झिस्टर आहेत, त्यांना चालायला थोडा प्रवाह लागतोच, साधारण २०० नॅनोअँपिअर. हा प्रवाह सीमॉयमध्ये १०० किलोओहमच्या रेझिस्टरमधून येतो. गुणाकार करा: २० मिलिव्होल्ट. मूळ आराखडा संकेत ११ पट वाढवतो, आणि या २० मिलिव्होल्टलाही तो संकेतच समजतो. झाले २२० मिलिव्होल्ट, स्थिर, न झुलणारे. ते हेडफोनमधून सतत प्रवाह वाहवतात. डाव्या-उजव्या मिळून दीडएक मिलिअँपिअर, आणि तो परत येतो मधल्या बिंदूवर, जिथल्या रेझिस्टरांना एवढा प्रवाह पेलवतच नाही. आयसी चांगलीच होती. ज्या घरात ती राहायला आली, ते घर दुसऱ्या जातीच्या आयसीसाठी बांधलेलं होतं.

म्हणून आयसी बदलताना दोन गोष्टी सोबत बदलाव्या लागतात. पहिली, इनपुटचा १०० किलोओहमचा रेझिस्टर काढून १० किलोओहमचा लावायचा आणि त्याच्या आधीचा ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १ मायक्रोफॅरडचा करायचा. दोघांचा गुणाकार तोच राहतो, त्यामुळे खर्जाची मर्यादाही तीच, १६ हर्ट्झ. पॉट १० किलोओहमचाच असेल तर नॉबचा चढ किंचित बदलतो, त्याची सवय होते.

दुसरी गोष्ट ११ पट वाढीची. ती मला मुळातच जास्त वाटते. सीडी प्लेअर २ व्होल्टपर्यंत देतो. त्याच्या ११ पट म्हणजे २२ व्होल्ट, ९ व्होल्टच्या बॅटरीतून ते येणार कुठून? मग नॉब कायम सुरुवातीच्या पाव भागातच अडकतो, आणि स्वस्त पॉटच्या डाव्या आणि उजव्या कानासाठीच्या दोन पट्ट्या तिथेच एकमेकींशी सर्वांत कमी जुळतात. गायिका मध्यभागातून एका कानाकडे सरकते ती यामुळे. वाढ ठरते दोन रेझिस्टरांच्या गुणोत्तरावरून: १० किलोओहम आणि १ किलोओहम, म्हणून ११. दहाच्या जागी २ किलोओहम लावा, वाढ ३ होते.

दोन साध्या रेझिस्टरांनी वाढ ठरावी, ही बेल लॅब्जच्या हॅरॉल्ड ब्लॅक यांची देणगी. २ ऑगस्ट १९२७च्या सकाळी हडसन नदीवरच्या फेरीबोटीतून कामावर जाताना त्यांना सुचलं की आउटपुटचा काही भाग उलटा करून इनपुटला परत दिला, तर अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच्या चुका स्वतः दुरुस्त करतो. हातात 'न्यूयॉर्क टाइम्स' होता, त्यावरच त्यांनी आकृती काढली. वाढीचा बराच हिस्सा गमवावा लागतो, पण त्या बदल्यात विकृती घटते आणि आउटपुटचा अंतर्गत रोध ओहमच्या अंशापर्यंत खाली येतो. या रोधाचं हेडफोनला फार महत्त्व. हेडफोनचा स्वतःचा रोध प्रत्येक स्वराला सारखा नसतो. अ‍ॅम्प्लिफायरचा रोध मोठा असेल तर काही स्वर फुगतात, काही दबतात. एका आंतरराष्ट्रीय मानकाने एकेकाळी हेडफोनच्या आउटपुटला १२० ओहम सुचवले होते. ३२ ओहमच्या आजच्या हेडफोनसाठी ते फारच जास्त आहेत.

एवढं केल्यावर ५५३२ चा स्थिर दोष २२० वरून ६ मिलिव्होल्टवर आला. ३०० ओहमला ते पुरेसं होतं. पण ३२ ओहमचा हेडफोन लावला की त्या ६ मिलिव्होल्टनेही मधला बिंदू जवळजवळ पाऊण-एक व्होल्ट सरकायचा. दोन रेझिस्टरांचा मध्य हा असाच असतो, बोट लावलं तरी हलणारा. टीएलई२४२६ नावाची खास मध्य धरणारी आयसी मिळते, ती २० मिलिअँपिअरपर्यंत पेलते. मी मात्र त्याहून साधा मार्ग घेतला: ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, आणि त्यांचा सांधा हाच मध्य. तो बळकट असतो. खबरदारी एकच, बंद-चालूचा स्विच दोन्ही बॅटऱ्या एकदम तोडणारा हवा. एकच बॅटरी तुटली तर आउटपुट एका टोकाला जाऊन हेडफोनवर सगळं व्होल्टेज पडू शकतं. २०११ मध्ये नाव न सांगणाऱ्या एका अभियंत्याने 'ओटू' हा आराखडा दिला. त्यातही दोन बॅटऱ्या आहेत आणि त्यांतली एक खचली की दोन्ही तोडणारं वेगळं मंडळ आहे. ते मला त्या आराखड्यातलं सर्वांत शहाणं काम वाटतं.

बॅटरी नको, संगणकाच्या यूएसबीवर चालवू, असा विचार एक बॅटरी आणि कृत्रिम मध्य असलेल्या मंडळात करू नका. संगीत त्याच संगणकातून येत असेल तर त्याचं ग्राउंड (म्हणजे यूएसबीचं ऋण टोक) आणि तुमचा मध्य जॅकमधून जोडले जातात, आणि अर्धा पुरवठा शॉर्ट होतो. पत्र्याच्या डबीतही हाच धोका असतो. जॅकचं अंग डबीला टेकतं, त्यात बॅटरीचं टोकही टेकलं तर झालंच. तळाला जाड पुठ्ठा घालावा. आणि पहिली चाचणी जुन्या, गेले तरी चालतील अशा इअरफोनवर करावी.

सगळं बसल्यावर मी टीएल०७२ आणि ५५३२ पुन्हा समोरासमोर ऐकले. दोन सारखी मंडळं, मध्ये स्विच, आणि स्विच भाचीच्या हातात. आधी ४०० हर्ट्झचा स्वर लावून दोन्हींचं व्होल्टेज मीटरवर एक टक्क्याच्या आत जुळवलं. एक डेसिबलचा फरक म्हणजे व्होल्टेजमध्ये १२ टक्के, आणि जे तेवढंसं मोठं वाजतं ते कानाला 'जास्त मोकळं' वाटतं. ३०० ओहमच्या हेडफोनवर वीस वेळा ऐकून मला कोणती आयसी कोणती हे सांगता आलं नाही. ३२ ओहमवर, आवाज चढवून ढोलकी लावली, तेव्हा मात्र प्रत्येक वेळी ओळखता आली. शिखराला पंचवीसेक मिलिअँपिअर लागतात, तिथे टीएल०७२ चा हात आखडतो. ५५३२ तिथेच राहू दिली, कारण घरातले बाकी सगळे ३२ ओहमचेच हेडफोन वापरतात.