ममीपासून मोरीच्या गाळापर्यंत: प्राचीन जंतांच्या अभ्यासाची पार्श्वभूमी

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात 1950 पासून पुरातत्त्व विभाग आहे. लोथल, धोलावीरा या सांडपाण्याच्या मोऱ्या असलेल्या हडप्पाकालीन वसाहतीही गुजरातेतच. अशा मोरीच्या तळातल्या गाळात जंतांची अंडी शोधता येतात, पण विषयाची सुरुवात मातीपासून झाली नाही.

1910 मध्ये मार्क आर्मंड रफर यांना इजिप्तच्या विसाव्या घराण्यातील दोन ममींच्या मूत्रपिंडांत शिस्टोसोमा या परजीवी कृमीची, कॅल्शियम साचून कडक झालेली अंडी सापडली. पुढे कॅलन आणि कॅमेरॉन यांनी पेरूतल्या वाळक्या प्राचीन विष्ठेवर काम करून 1960 मध्ये ते प्रसिद्ध केले. ट्रायसोडियम फॉस्फेटच्या 0.5 टक्के द्रावणात नमुना भिजवण्याची त्यांची रीत आजही चालते. ममी आणि वाळकी विष्ठा मोजक्याच ठिकाणी मिळतात, माती सगळीकडे. जंताचे शरीर कुजते, अंड्याचे कायटिनयुक्त कवच टिकते, आणि गोलकृमी या आतड्यातल्या जंताची मादी दिवसाला सुमारे 2 लाख अंडी घालते.

मातीचा नमुना कुठून घेतला, यावर सगळे अवलंबून असते. सांगाड्यात त्रिकास्थीजवळची (कण्याच्या खालच्या टोकाच्या हाडाजवळची), म्हणजे आतडी असायची तिथली, माती घ्यावी; तुलनेसाठी कवटीतली आणि पायांजवळचीही. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याच्या त्रिकास्थीजवळ गोलकृमीची अंडी होती, कवटीत एकही नव्हते. म्हणूनच राजाच्या पोटात गोलकृमी होते, हा 2013 चा निष्कर्ष पटतो. हाडे धुऊन झाल्यावर ही संधी जाते.

प्रयोगशाळेत 0.2 ग्रॅम माती पुरते. ती भिजून सुटी झाली की 300, 160 आणि 20 मायक्रोमीटरच्या चाळण्यांतून क्रमाने गाळतात. अंडी शेवटच्या चाळणीवर अडकतात. ती ग्लिसरॉलमध्ये मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. चाबूककृमीचे अंडे सुमारे 50 ते 55 मायक्रोमीटर लांब, पिंपासारखे, दोन्ही टोकांना बुचे. जुन्या अंड्यांची बुचे बहुधा गळालेली असतात. गोलकृमीचे खडबडीत बाह्यावरण झडले, तर नवखा माणूस त्याला परागकण समजून पुढे जातो. घाईने कॉस्टिक सोडा वापरला तर कवचेच खराब होतात.

अंडी न मिळाल्यास मात्र लोक निरोगी होते, असे लिहू नये. हवा खेळत्या मातीत बुरशी कवच खाते, आणि पावसाळ्यात झिरपणारे पाणी अंडी खालच्या थरात नेते. मोरीत आणखी एक अडचण: माणसाच्या आणि डुकराच्या गोलकृमीची अंडी दिसायला सारखीच, त्यामुळे त्याच थरात डुकराची हाडे आहेत का, हे आधी बघावे लागते.