सळ्यांच्या जंगलातून पडद्यावरच्या पेशीकडे

प्रथिनाचा त्रिमितीय आकार माणसाने पहिल्यांदा पाहिला तो केंब्रिजमध्ये, १९५० च्या दशकाच्या अखेरीस. जॉन केंड्र्यू यांनी देवमाशाच्या स्नायूतल्या मायोग्लोबिन या प्रथिनाचा क्ष-किरणांवरून मिळालेला आकार प्लॅस्टिसिनमध्ये घडवला. तो आतड्याच्या वेटोळ्यासारखा दिसत होता.

पुढे मोजमाप बारीक झाले, अणूंच्या जागा कळू लागल्या. मग केंड्र्यू यांनी सुमारे २,५०० सळ्या उभ्या केल्या, इलेक्ट्रॉनांची घनता जास्त तिथे रंगीत क्लिपा लावल्या आणि त्यांच्या आधाराने अणूंची साखळी जोडत नेली. आकडेमोड विद्यापीठाच्या एड्सॅक संगणकावर झाली होती, आकार मात्र हातानेच उभारावा लागला. शिवाय मधला भाग बघायला गेले की सळ्याच आड येत.

१९६० च्या दशकाच्या मध्यावर एमआयटीत सायरस लेव्हिन्थल यांनी रेणू संगणकाच्या पडद्यावर आणला. रंग नाहीत, छटा नाहीत, नुसत्या उजळ रेघा. रेणू स्थिर असला की तो गुंता सपाटच वाटे. पण शेजारचे गोलाकार नियंत्रक हाताने वळवले की रेणू फिरू लागे, आणि पुढची रेघ कोणती, मागची कोणती हे डोळ्यांना आपोआप उमगे. या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा टप्पा मला हाच वाटतो. आजही रेणू नीट समजून घ्यायचा तर आपण तो फिरवूनच बघतो.

१९७१ साली अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत प्रोटीन डेटा बँक हा प्रथिनांच्या रचनांचा संग्रह सुरू झाला तेव्हा त्यात अवघ्या ७ रचना होत्या. आता दोन लाखांवर आहेत. प्रथिनाची घडी फितींनी दाखवण्याची जी पद्धत आज प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये दिसते, ती जेन रिचर्डसन यांनी १९८१ मध्ये हाताने चित्रे काढून रूढ केली. १९९० च्या दशकात रॉजर सेल यांच्या फुकट मिळणाऱ्या रासमोल या सॉफ्टवेअरमुळे हे रेणू साध्या पीसीवर आले.

तरी हे सगळे एकेकटे रेणू. पेशीच्या आत किती दाटी असते, ते डेव्हिड गुडसेल यांनी १९९१ मध्ये ई. कोलाय जिवाणूच्या आतल्या चित्रांतून दाखवले. रेणूंचे आकार आणि संख्या मोजमापांवरून घेतलेल्या, पण पाणी आणि लहान रेणू बहुतेक गाळलेले. ते गाळले नाहीत तर बाकी काही दिसणारच नाही. त्यांच्याच सहभागातून पुढे आलेले सेलपॅक हे सॉफ्टवेअर अशी दाटी संगणकावर रचते.

२०२२ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या झायडा लूथी-शुल्टन यांच्या गटाने अवघी ४९३ जनुके असलेल्या कृत्रिम जिवाणूचे त्रिमितीय प्रारूप संगणकावर चालवून दाखवले. अशा चित्रात प्रत्यक्ष पाहिलेले किती आणि गणिताने भरलेले किती, हे चित्राखाली लिहिलेच पाहिजे असे माझे ठाम मत आहे. या प्रारूपात रायबोसोमच्या, म्हणजे प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणांच्या, जागा खऱ्या पेशींच्या टोमोग्राफीतून (अनेक कोनांतून घेतलेल्या प्रतिमा जोडून) घेतल्या होत्या, डीएनएचा मार्ग मात्र गणिताने बसवलेला होता.