तलवार ‘जुनी’ करून घेताना

“वापरल्यागत दिसू दे की ओ!” वैशाख शुद्ध द्वितीयेच्या शिवजयंती चित्ररथांसाठी तलवारी-ढाली सांगायला बेळगावच्या उद्यमबागेत आमच्या कारखान्यात येणारी मंडळं हेच म्हणतात. मागणी रास्त आहे. कोऱ्या पत्र्याची ढाल हॅलोजनखाली डब्याच्या झाकणासारखी चमकते. पण सगळीकडून सारखं काळं केलेलं हत्यारही तितकंच खोटं दिसतं. म्हणून आम्ही आधी विचारतो, हे कुणाच्या हातातलं?

पहाऱ्यावरच्या मावळ्याची तलवार रोज म्यानातून निघते आणि आत जाते. तिच्या पात्यावरचे ओरखडे लांबीच्या दिशेने, एकमेकांना समांतर हवेत. गोल गोल फिरवलेला पॉलिश पेपर लगेच ओळखू येतो. घावांच्या खाचा टोकाकडच्या अर्ध्या पात्यावर शोभतात. मुठीजवळ त्या मागू नका. मुठीचं गणित उलटं असतं. जिथे तळवा आणि बोटं घासतात तिथे पितळ उजळ राहतं, नक्षीच्या खोबणीत मळ साचून काळं होतं. आम्ही अख्खी मूठ काळी करतो आणि मग फडक्याने फक्त उंचवटे पुसून काढतो. फिरंग हवी असेल तर तिचं पातं युरोपातून आलेलं आणि मूठ इथली, तेव्हा दोन्ही एकाच वयाची दिसू नयेत.

ढालीवरच्या चार फुल्या, म्हणजे धातूचे फुगीर गोल, निव्वळ शोभेच्या नसतात, आतल्या मुठीच्या कड्या त्यांनीच धरलेल्या असतात. पोचे कडेला आणि फुल्यांच्या आसपास पाडतो, वाळूच्या पोत्यावर ढाल ठेवून गोल तोंडाच्या हातोडीने.

गंज फक्त साध्या लोखंडावर चढतो. आधी साबणाने तेल काढायचं, नाहीतर बोटांच्या ठशाएवढी जागा स्वच्छ राहते. मग व्हिनेगर, मीठ आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचा फवारा. थोड्याच वेळात नारिंगी थर येतो. तो खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, खडखडीत वाळवून वर मॅट लॅकर, म्हणजे न चमकणारा पारदर्शक थर, मारावाच लागतो. एका वर्षी घाईत आमच्याकडून सोड्याचं पाणी राहिलं. खानापूर तालुक्यातल्या एका गावच्या नाटकाच्या ढाली होत्या. पावसाळी हवेत लॅकरखालून गंज फुगला आणि नटाच्या पांढऱ्या अंगरख्यावर डाग पडले. ढाली बदलून दिल्या, पण प्रयोग होऊन गेला होता. तेव्हापासून धुतल्यावर एक दिवस उन्हात ठेवल्याशिवाय माल बाहेर काढत नाही.

ॲल्युमिनियमला गंज येत नाही, तिथे काळा-तपकिरी रंग पातळ करून लावतो आणि पुसतो. जस्ताच्या पत्र्यावरही जस्त उतरवल्याशिवाय गंज धरत नाही. पितळावर हिरवट झाक हवी असेल तर बंद डब्यात अमोनियाच्या वाफेवर ठेवतो. ते घरी करू नका.

गंजाचा फवारा घरी करून बघणार असाल तर मोकळ्या हवेत, हातमोजे आणि चष्मा घालून. उरलेलं मिश्रण बाटलीत बंद करू नका, वायू साचून ती फुटते. त्यात ब्लीच तर अजिबात घालायचं नाही, विषारी क्लोरीन निघतो.

ऑर्डर देताना फोटो आणा, आणि हत्यार किती अंतरावरून दिसणार ते सांगा. ट्रॉलीवरच्या देखाव्याला ठळक खुणा लागतात, कॅमेऱ्यासमोर त्याच भडक वाटतात. धार मात्र आम्ही कुठल्याही हत्याराला लावत नाही. मिरवणुकीत लहान पोरं हातभर अंतरावर उभी असतात.