इंजिनाचे तास विचारताय, पण विमान शेवटचं उडालं कधी?

छोट्या विमानाच्या इंजिनाच्या ओव्हरहॉलसाठी, म्हणजे पूर्ण खोलून पुन्हा नीट बांधण्यासाठी, आमच्याकडे चौकशी करणारे बहुतेक जण आधी विचारतात, त्याला अजून किती तास उरलेत, आणि आम्ही उलटा प्रश्न विचारतो की शेवटचं उडवलं कधी. कारण आमच्या अनुभवात ही इंजिनं चालवून जेवढी झिजतात त्याहून जास्त उभी राहून खराब होतात.

लायकमिंग कंपनीचं ओ-३६० हे इंजिन घ्या. समोरासमोर आडवे चार सिलिंडर, हवेवर थंड होणारं, जवळपास ५.९ लिटरचं आणि पॉवर फक्त १८० हॉर्सपॉवर, तीही २७०० आरपीएमला. गाडीवाल्याला हे कमी वाटेल, पण ते मुद्दाम तसं ठेवलंय, प्रोपेलर थेट क्रँकशाफ्टवर, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्यावर बसतो, मध्ये गिअरबॉक्सची भानगड नाही, आणि तासन्‌तास भरपूर लोडवर चालायचं असतं. मॅग्नेटो, म्हणजे ठिणगीसाठी स्वतःच वीज तयार करणारं यंत्र, दोन, प्रत्येक सिलिंडरला प्लग दोन, बॅटरी पार बसली तरी ठिणगी पडत राहते. डिझाइन जुनं आहे पण दणकट आहे.

गडबड कॅमशाफ्टची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची. तो क्रँकशाफ्टच्या वर असतो, त्यामुळे विमान उभं राहिलं की ऑइल हळूहळू खाली उतरतं, कॅम उघडा पडतो आणि आतल्या दमटपणाने गंज धरतो. मागे एका इंजिनाचा ऑइल फिल्टर कापून घड्या उलगडल्या तर कागदावर चमचमणारा चुरा, चुंबक फिरवलं तर सगळा चिकटला. उघडून बघितलं तर कॅमचा एक लोब (उंचवटा) घासून गोल झालेला आणि त्याला टेकणाऱ्या टॅपेटवर खड्डे, तास मात्र निम्मेसुद्धा झाले नव्हते. म्हणूनच ओव्हरहॉलच्या मुदतीत कंपनी २००० तासांसोबत १२ वर्षंही लिहिते, लोक तेवढं सोडून बाकी सगळं वाचतात!

मग काय करायचं, तर उडवा. जमिनीवर दहा मिनिटं चालवून बंद करू नका, ऑइल पुरेसं तापत नाही आणि इंधन जळताना तयार झालेलं पाणी आतच राहतं, म्हणजे न चालवण्यापेक्षा वाईट. हवेत तासभर, ऑइल ८२ अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं पाहिजे. ऑइल आणि फिल्टर ५० तासांनी किंवा ४ महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा बदला, आणि जुना फिल्टर फेकू नका, आमच्याकडे आणा, तुमच्यासमोर कापून दाखवतो.

आणि विमान महिनाभराहून जास्त उभं राहणार असेल तर आधी कळवा, प्रिझर्वेटिव्ह (गंज रोखणारं) ऑइल भरून, प्लगच्या जागी ओलावा शोषणारे प्लग बसवून देतो. तोवर प्रोपेलर हाताने फिरवत बसू नका, त्याने उरलेलं ऑइलही पुसलं जातं.